‘हलका’ खाऊ : वजन घटविण्यासाठी पॉपकॉर्न या समजुतीचा इतिहास

प्रास्ताविक

वजन कमी करू इच्छिणाऱ्या मनुष्याने दुपारच्या चहासोबत काय खावे, हा प्रश्न वरवर पाहता आहारशास्त्राचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ‘पॉपकॉर्न खावे, ते हलके असते’ असा सल्ला आज ज्या सहजतेने दिला जातो, त्या सल्ल्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा व्यापार, यंत्रे, जाहिरात, न्यायालये आणि प्रयोगशाळा यांचा गुंतागुंतीचा इतिहास आहे. एकच पदार्थ एका दशकात आरोग्यदायी, दुसऱ्यात घातक आणि तिसऱ्यात पुन्हा आरोग्यदायी कसा ठरला, हे पाहिल्याशिवाय त्या सल्ल्याची किंमत ठरविता येत नाही.

प्रस्तुत निबंधाची भूमिका अशी की ‘पॉपकॉर्न’ या एका नावाखाली निदान तीन-चार वेगवेगळे पदार्थ वावरत आले आहेत. कढईत किंवा गरम हवेवर फोडलेला मक्याचा दाणा, चित्रपटगृहातील तेलात भिजलेली बादली, मायक्रोवेव्हच्या पिशवीतील सुवासिक मिश्रण आणि साखरेच्या पाकात घोळलेला गोड खाऊ यांना एकच शब्द लागतो, म्हणून त्यांच्याविषयीचे निष्कर्षही एकमेकांत मिसळतात. या मिसळीचा फायदा नेहमी विक्रेत्याला झाला आहे, खाणाऱ्याला क्वचितच.

दाण्याचे गुपित

प्रथम दाण्याकडे पाहू. मक्याच्या अनेक जातींपैकी लाहीचा मका ही एक जात. तिच्या दाण्याचे बाहेरचे टरफल कठीण व अभंग असते आणि आतल्या पिष्टात १४ टक्क्यांच्या आसपास पाण्याचा अंश असतो. उष्णता लागली की या पाण्याची वाफ होते, ती कोंडली जाते, पिष्ट मऊ होते आणि सुमारे १८० अंश सेल्सियसला टरफल फाटून आतील पिष्ट फेसासारखे बाहेर येते व तत्क्षणी थिजते. दाण्याचे आकारमान वीस ते चाळीस पटींनी वाढते. टरफलाला चीर असेल किंवा ओल उडून गेली असेल, तर दाणा फुटत नाही. आपल्याकडे लाह्यांतल्या अशा हट्टी दाण्याला गणंग म्हणतात.

आता मूळ प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की दाणा फुगतो, पण त्यातील अन्न वाढत नाही आणि घटतही नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या कोष्टकांनुसार गरम हवेवर फोडलेल्या १०० ग्रॅम पॉपकॉर्नमध्ये सुमारे ३८७ उष्मांक असतात. ज्वारी, गहू, तांदूळ ही आपली धान्ये १०० ग्रॅमला साधारणतः ३३० ते ३६० उष्मांक देतात. म्हणजे वजनास वजन घेतले तर पॉपकॉर्न कोणत्याही धान्याहून हलके नाही. ओल उडून गेल्यामुळे किंचित जडच आहे. त्याचा हलकेपणा आकारमानाचा आहे. एक कपभर लाह्यांचे वजन अवघे ८ ग्रॅम भरते आणि त्यात ३१ उष्मांक असतात. तीन कप, म्हणजे एक बऱ्यापैकी भरलेला वाडगा, खाल्ला तरी आकडा शंभराच्या आत राहतो. त्यातच १०० ग्रॅममागे १४ ग्रॅमहून अधिक तंतुमय पदार्थ आणि १३ ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात. अखंड धान्य असल्याने कोंडा व अंकुर दोन्ही पोटात जातात. पॉपकॉर्नची सारी कीर्ती या आकड्यांवर उभी आहे, आणि ती येथपर्यंत रास्त आहे.

हेच दाणे तेलात फोडले की कपाचे वजन ११ ग्रॅम आणि उष्मांक ५५ होतात. त्यात लोणी ओतले, साखरेचा पाक घातला की पुढचा हिशेब सांगावयास नको.

अमेरिका खंडातील प्राचीन लाही

मक्याची लागवड मूळची मेक्सिकोतील. तेओसिंते नावाचे रानटी गवत हा त्याचा पूर्वज. या गवताचे दाणे इतके कठीण की ते मनुष्याने खाल्ले तरी कसे, असा प्रश्न विद्वानांना पडत असे. जॉर्ज बीडल या आनुवंशशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये हे दाणे भाजून दाखविले. ते लाहीसारखे फुटले. मक्याच्या आहारातील आरंभीच लाही असावी, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. पुढे पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील पारेदोनेस व वाका प्रिएता या स्थळांवर मक्याची कणसे व ताटे सापडली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतील सर्वांत जुन्या अवशेषांचा काळ सुमारे ६७०० वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला, आणि तेथील लोक लाहीचा मकाही खात होते असे अनुमान मांडले गेले. विशेष म्हणजे त्या काळी त्या प्रदेशात मातीची भांडी अद्याप आलेली नव्हती. भांड्यावाचून निखाऱ्यावर करता येणारा पदार्थ म्हणून लाहीचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे.

सोळाव्या शतकात मेक्सिकोतील स्पॅनिश धर्मोपदेशक बेर्नार्दिनो द सहागून याने आझ्टेक लोकांच्या चालीरीती नोंदविल्या. फुटलेल्या मक्याच्या माळा मस्तकी व गळ्यात घालून तरुणी देवतेपुढे नृत्य करीत, अशी नोंद त्यात आहे. शुभ्र फुलांसारख्या दिसणाऱ्या या लाहीला ‘मोमोचित्ल’ असे नाव होते. येथे लाही हे पोट भरण्याचे साधन जितके, तितकेच मांगल्याचे चिन्ह होते.

याउलट एक लोकप्रिय कथा मात्र इतिहासाला मान्य नाही. १६२१ मध्ये प्लिमथ येथे झालेल्या पहिल्या आभारप्रदर्शनाच्या मेजवानीत मूलनिवासींनी गोऱ्या वसाहतकारांना पॉपकॉर्न दिले, असे अमेरिकी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. समकालीन साधनांत याला आधार नाही. ही कथा १८८९ च्या एका कादंबरीतून पसरली. पॉपकॉर्नच्या सामाजिक इतिहासावर १९९९ मध्ये ग्रंथ लिहिणारे अँड्र्यू स्मिथ यांनी अशा अनेक आख्यायिकांचा समाचार घेतला आहे. अन्नाचा इतिहास लिहिताना विक्रेत्यांची पत्रके हीच साधने म्हणून पुढे येतात, ही अडचण त्यांच्या ग्रंथातून चांगली उमगते.

लाजा आणि मेद

मका भारतात आला तो कोलंबसोत्तर काळात, बहुधा पोर्तुगीजांच्या संपर्कातून. परंतु लाही येथे फार आधीपासून आहे. संस्कृतातील ‘लाजा’ म्हणजे मुख्यत्वे साळीच्या लाह्या. विवाहसंस्कारातील लाजाहोमात वधूच्या ओंजळीतून लाह्यांची आहुती दिली जाते. मराठी घरांत नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या व बत्तासे, गोपाळकाल्यात लाह्या आणि उपवासाला राजगिऱ्याच्या लाह्या येतात. आझ्टेक तरुणींच्या माळांशी याचा कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. मात्र शुभ्र होऊन उमलणाऱ्या दाण्याला दोन परस्परांपासून दूरच्या संस्कृतींनी मांगल्याचा अर्थ दिला, हे साम्य मनात राहते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने आयुर्वेदातील उल्लेख अधिक मोलाचे आहेत. सुश्रुतसंहितेत लाजा लघु, दीपन व कफनाशक सांगितल्या आहेत. वांती व अतिसार यांत त्या उपयुक्त मानल्या आहेत. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात लाजांचे गुण सांगताना त्या रूक्ष व लघु असल्याचे म्हटले असून ज्या विकारांवर त्या चालतात त्यांच्या यादीत मेह व मेद यांचाही समावेश केला आहे. म्हणजे वजन उतरविण्यासाठी लाही, ही कल्पना येथे निदान चारशे वर्षांची आहे.

तथापि हा उल्लेख आजच्या पॉपकॉर्नच्या समर्थनार्थ जसाच्या तसा वापरणे योग्य होणार नाही. भावमिश्राची ‘लघु’ ही संज्ञा पचनाशी निगडित आहे, उष्मांकांशी नाही. ज्वरातून उठलेल्याला लाह्यांची पेज द्यावयाची, कारण ती पचावयास सोपी. आणि तेथील लाही भट्टीत वाळूवर फोडलेली, तेलातुपाचा स्पर्श नसलेली होती. भडभुंज्याच्या भट्टीवरची लाही आणि गरम हवेवरचे पॉपकॉर्न यांत कृतीचे साम्य आहे; भडभुंजा आणि चित्रपटगृहातील विक्रेता यांत ते नाही.

रस्त्यावरून चित्रपटगृहात

‘पॉप्ड कॉर्न’ हा शब्द १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी शब्दांच्या एका कोशात आढळतो. तोवर हा खाऊ त्या देशाच्या पूर्व भागात चांगला रुळला होता. घरोघरी चुलीवर लांब दांड्याच्या जाळीदार डब्यात दाणे फोडले जात. दूध-साखर घालून सकाळच्या न्याहारीलाही ते खाल्ले जात. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्स याने १८८५ च्या सुमारास वाफेवर चालणारे यंत्र बनविले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याची सुधारित गाडी लोकांपुढे आणली. या यंत्राचे वैशिष्ट्य असे की त्यात दाणे चरबी व मीठ यांच्या मिश्रणात एकसारखे परतले जात. आपल्या विषयाचे पहिले वळण येथे आहे. उघड्या निखाऱ्यावर कोरडा फुटणारा दाणा यंत्राने मेदात बुडविला. १८९६ मध्ये शिकागोतच रुकहाइम बंधूंचे ‘क्रॅकर जॅक’ हे काकवी व शेंगदाणे घातलेले पॉपकॉर्न नाव घेऊन बाजारात आले. दाणा, मेद आणि साखर ही त्रयी विसाव्या शतकापूर्वीच पूर्ण झाली होती.

चित्रपटगृहांच्या मालकांना आरंभी पॉपकॉर्न नको होते. गालिचे खराब होतील, कुरकुर आवाजाने रसभंग होईल, रस्त्यावरचा हलका खाऊ आपल्या भव्य वास्तूला शोभणार नाही, असे आक्षेप होते. बोलपट आल्यावर आवाजाची भीती उरली नाही आणि १९२९ नंतरच्या महामंदीने उरलेले आक्षेपही मोडून काढले. पाच-दहा सेंटची पुडी बेकार मनुष्यालाही परवडे. आधी विक्रेते दाराबाहेर उभे राहत. मग त्यांना आत जागा मिळाली. पुढे मालकांनी स्वतःच यंत्रे बसविली, कारण तिकिटापेक्षा पुडीत नफा अधिक आहे हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे नियंत्रण आले, गोळ्या-चॉकलेटे दुर्मिळ झाली आणि अमेरिकेतील पॉपकॉर्नचा खप सुमारे तिप्पट झाला. १९४५ पर्यंत तेथे खाल्ल्या जाणाऱ्या पॉपकॉर्नपैकी निम्म्याहून अधिक चित्रपटगृहांत खाल्ले जात होते.

या कालखंडातील पॉपकॉर्नविषयी कोणी ‘वजनासाठी बरे’ असे म्हणत नव्हते, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. उष्मांक मोजण्याची पद्धत तोवर सामान्यांपर्यंत पोहोचली होती. लुलू हंट पीटर्स यांचे उष्मांक मोजून वजन घटविण्यावरील पुस्तक १९१८ मध्येच गाजले होते. परंतु मंदी व युद्ध यांच्या काळात पॉपकॉर्नचा गुण स्वस्तपणा हा होता. कमी पैशांत पोट भरल्यासारखे वाटणे, यालाच पुढे संपन्न काळात ‘कमी उष्मांकांत पोट भरणे’ असे नाव मिळाले. गुण एकच, गरज बदलली.

१९९४ : बादलीचा हिशेब

चित्रपटगृहांतील पॉपकॉर्न दीर्घकाळ खोबरेल तेलात फोडले जात होते. एप्रिल १९९४ मध्ये वॉशिंग्टन येथील ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ या ग्राहक-संस्थेने त्याची प्रयोगशाळेत केलेली तपासणी जाहीर केली. मध्यम आकाराच्या पुड्यात ३७ ग्रॅम संपृक्त मेद आढळला. दिवसभराची शिफारस केलेली कमाल मर्यादा सुमारे २० ग्रॅम होती. हे आकडे कोरडे वाटतील म्हणून संस्थेने पत्रकारांपुढे थाळ्याच मांडल्या: न्याहारीची अंडी व डुकराच्या मांसाच्या चकत्या, दुपारचा बर्गर व तळलेले बटाटे, रात्रीचे मांसाहारी जेवण. या तिन्ही जेवणांत मिळून जेवढा असा मेद असेल, त्याहून अधिक एका पुड्यात आहे, असे सांगण्यात आले. बातमी देशभर पसरली, खप घसरला आणि अनेक साखळ्यांनी तेल बदलल्याची घोषणा केली.

तथापि बदल टिकाऊ नव्हता. त्याच संस्थेने २००९ मध्ये पुन्हा तपासणी केली तेव्हा एका मोठ्या साखळीच्या ‘मध्यम’ पुड्यात २० कप पॉपकॉर्न, १२०० उष्मांक व ६० ग्रॅम संपृक्त मेद आढळला. येथे थोडे गणित करून पाहणे उद्बोधक ठरते. हे २० कप गरम हवेवर फोडलेले असते तरी उष्मांक ६२० झाले असते. म्हणजे तेलाने आकडा जवळजवळ दुप्पट केला हे खरे, परंतु तेल पूर्णपणे वगळले तरी जे उरते ते एका जेवणाएवढे आहे. १९९४ च्या वादात सारे बोट तेलाकडे रोखले गेले. भांडे किती मोठे झाले आहे, याची चर्चा मागे पडली.

त्या काळच्या ‘तेल बदला’ चळवळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८८ पासून अमेरिकेत खोबरेल व पामतेलाविरुद्ध वृत्तपत्रीय जाहिरातींची मोहीम झाली आणि अनेक खाद्यउद्योगांनी त्यांऐवजी अंशतः हायड्रोजनीकृत वनस्पती तेले स्वीकारली. आरोग्याच्या नावाने आलेल्या या तेलांतील ट्रान्स मेद हृदयाला संपृक्त मेदाहून अधिक अपायकारक असल्याचे पुढील दशकांत स्पष्ट झाले. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नमध्ये तो वर्षानुवर्षे होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये त्याविरुद्ध निर्णय दिला व २०१८ पासून त्याची अंमलबजावणी सुरू केली. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-मेदांतील त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर आणले. हेतू शुद्ध असला तरी एकाच घटकावर नजर खिळवून दिलेला सल्ला कोठे नेऊ शकतो, याचा हा दाखला आहे.

पिशवीतील लोण्याचा वास

रडारवरील संशोधनात गुंतलेल्या पर्सी स्पेन्सर या अभियंत्याने १९४५ च्या सुमारास सूक्ष्मलहरींवर अन्न शिजविण्याचे जे आरंभीचे प्रयोग केले, त्यांत मक्याचे दाणेही होते. मायक्रोवेव्ह भट्टी घरोघरी पोहोचल्यावर १९८० च्या दशकात दाणे, मेद व स्वाद भरलेली पिशवी हा नवा पदार्थ जन्मला. याच दशकात अमेरिकेत कमी मेदाच्या आहाराचे वारे वाहत होते. पिशवीवर ‘लाइट’ हा शब्द, तसेच ‘९४ टक्के चरबीमुक्त’ असा शिक्का झळकू लागला. हा शिक्का खोटा नव्हता. तो वजनाचा होता. वजनाने ६ टक्के असलेला मेद उष्मांकांच्या हिशेबात सुमारे १४ टक्के होतो. मेद कमी केला तरी लोण्याची अनुभूती द्यावयाची, तर स्वादद्रव्य हवे. ते होते डायअसिटिल.

या स्वादद्रव्याची किंमत कोणी मोजली, हा या इतिहासातील सर्वांत वेदनादायक भाग आहे. मिसुरी राज्यातील जॅस्पर येथील एका मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्यातील आठ माजी कामगारांना फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या बंद करणारा दुर्मिळ आजार झाल्याचे २००० मध्ये सरकारी आरोग्ययंत्रणेच्या निदर्शनास आले. तपासात गरम स्वादद्रव्याच्या वाफेशी त्याचा संबंध दिसून आला आणि २००२ मध्ये हे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रोगाला लोकांनी नावही पॉपकॉर्नचेच दिले. काही कामगारांना फुप्फुसाचे रोपण करण्याची वेळ आली. २००७ मध्ये कोलोरॅडोतील एका ग्राहकातही असाच विकार आढळला; तो वर्षानुवर्षे दररोज पिशव्या फोडून त्यांचा वास घेत असे. त्यानंतरच मोठ्या कंपन्यांनी डायअसिटिल वगळल्याचे जाहीर केले. कामगार आजारी पडल्याचे उघड होऊन सात वर्षे लोटली होती. एका ग्राहकाची बातमी होताच काही महिन्यांत सूत्र बदलले. या क्रमावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

पिशवीच्या कागदाचीही कथा आहे. तेल झिरपू नये म्हणून त्यावर फ्लोरिनयुक्त रसायनांचा थर दिला जाई. शरीरात व निसर्गात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या या रसायनांची अन्नवेष्टनांसाठीची विक्री अमेरिकेत थांबल्याचे तेथील प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले.

प्रयोगशाळेची साक्ष

एकविसाव्या शतकात पॉपकॉर्नची बाजू शास्त्राने पुन्हा उचलून धरली. पेनसिल्व्हेनिया येथील बार्बरा रोल्स यांनी अन्नाच्या उष्मांक-घनतेचा सिद्धांत मांडला: मनुष्य बहुधा आकारमानाच्या सवयीने खातो, उष्मांकांच्या नव्हे. त्यांच्या सहकाऱ्यांसह २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाच खाऊचे अधिक हवा भरलेले व कमी हवा भरलेले असे दोन प्रकार लोकांना दिले. अधिक हवेचा प्रकार खाणाऱ्यांनी आकारमानाने जास्त खाल्ले, तरी वजनाने व उष्मांकांनी सुमारे पाचवा हिस्सा कमी खाल्ले. तो खाऊ पॉपकॉर्न नव्हता, पण लाहीचे तत्त्व त्यातून सिद्ध होते.

२०१२ मध्ये पॉपकॉर्न व बटाट्याचे काप यांची थेट तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३५ प्रौढांनी वेगवेगळ्या वेळी १५ उष्मांकांचे एक कप पॉपकॉर्न, १०० उष्मांकांचे सहा कप पॉपकॉर्न आणि १५० उष्मांकांचे एक कप काप खाल्ले. सहा कप पॉपकॉर्नने भूक अधिक शमली. निष्कर्ष पटण्याजोगा आहे. मात्र या अभ्यासात पॉपकॉर्नच्या प्रसिद्ध नाममुद्रा बाळगणाऱ्या कॉनॅग्रा कंपनीचा सहभाग होता, सहभागी व्यक्ती सामान्य वजनाच्या होत्या आणि भूक मोजली ती अल्पकाळासाठी. महिनोन्‌महिने पॉपकॉर्न खाऊन वजन उतरले, असे या अभ्यासाने दाखविलेले नाही. त्याच वर्षी स्क्रँटन विद्यापीठाचे जो विन्सन यांनी पॉपकॉर्नच्या टरफलात पॉलिफेनॉल द्रव्ये विपुल असल्याचे रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत सांगितले. वृत्तपत्रांनी ‘फळांपेक्षा पॉपकॉर्न श्रेष्ठ’ असे मथळे दिले. फळभाज्यांची जागा पॉपकॉर्न घेऊ शकत नाही आणि तेल-लोण्याने सारे बिघडते, ही त्यांचीच सूचना मथळ्यांत आली नाही.

मोठ्या भांड्यात दिले की माणसे शिळे पॉपकॉर्नसुद्धा अधिक खातात, हा निष्कर्ष दीर्घकाळ कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक यांच्या नावे उद्धृत होत असे. त्यांचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेण्यात आले आणि विद्यापीठाने २०१८ मध्ये त्यांच्यावर शैक्षणिक गैरवर्तनाचा ठपका ठेवला. म्हणून प्रस्तुत लेखक त्या आकड्यांवर विसंबून राहू इच्छित नाही. सुदैवाने २०११ मध्ये डेव्हिड नील व सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रपटगृहात काहींना ताजे व काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी ते आवडले नाही असे सांगूनही शिळे पॉपकॉर्न ताज्याइतकेच खाल्ले. अशी सवय असलेली माणसे साध्या सभाकक्षात बसविली, किंवा त्यांना डाव्या-उजव्याचा नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खावयास सांगितले, तेव्हा हात आवरला. अंधार, पडदा व खुर्ची यांच्याशी जोडला गेलेला हात चवीला जुमानत नाही, असा याचा अर्थ. महामंदीत चित्रपटगृहाच्या मालकांनी जे हेरले, ते मानसशास्त्राने ऐंशी वर्षांनी मोजले.

आपल्याकडील प्रश्न

भारतात पॉपकॉर्नची स्थिती या सर्व अवस्थांचे एकाच वेळी दर्शन घडविते. चौकातील गाडीवर मीठ-हळद लावलेले दाणे कढईत फुटत असतात. किराणा दुकानात तेल-मीठ मिसळलेल्या झटपट दाण्यांची पाकिटे असतात. बहुपडदा चित्रपटगृहांत लोणी व कॅरॅमलच्या बादल्या असतात. तेथील दरांवरून २०१८ मध्ये महाराष्ट्रात आंदोलने झाली, आणि बाहेरील खाद्यपदार्थांना मज्जाव करण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत पॉपकॉर्नवरील कराचे स्पष्टीकरण देण्यात आले: मीठ-मसाल्याचे सुटे असल्यास ५ टक्के, वेष्टनबंद असल्यास १२ टक्के आणि कॅरॅमलचे असल्यास १८ टक्के, कारण साखर मिसळताच तो नमकीन न राहता मिठाईच्या वर्गात जातो. समाजमाध्यमांनी या निर्णयाची यथेच्छ थट्टा केली. परंतु पॉपकॉर्न हा एक पदार्थ नाही, ही गोष्ट आहारावरील बहुतेक लेखांपेक्षा करअधिकाऱ्यांनी अधिक काटेकोरपणे ओळखली, असे म्हणावेसे वाटते.

तेव्हा प्राध्यापक-कक्षात दुपारी चार वाजता वडापाव, सामोसे किंवा फरसाण यांच्याऐवजी पॉपकॉर्न ठेवावे काय? ठेवावे, पण ते कोणते, हे आधी ठरवावे. दोन मोठे चमचे सुटे दाणे जाड बुडाच्या कढईत, झाकण घालून, तेलाच्या चार थेंबांवर फोडले तर तीन-चार कप लाह्या होतात व उष्मांक शंभर-सव्वाशेच्या घरात राहतात. एका सामोशाच्या निम्म्यानेही ते नाहीत. मीठ हात राखून घालावे, कारण रक्तदाब असणाऱ्यांच्या दृष्टीने पॉपकॉर्नमधील खरा धोका तेथे आहे. पाकिटावरील घटकांच्या यादीत तेलाचा क्रमांक दाण्यांच्या लगोलग असेल, तर ते पाकीट या हिशेबात बसत नाही.

याचा अर्थ जेवणाऐवजी पॉपकॉर्न खावे असा मात्र होत नाही. मक्याच्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन कमी असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब लोक जवळजवळ केवळ मक्यावर जगत आणि पेलाग्राने आजारी पडत. जोसेफ गोल्डबर्गर यांनी त्याचे कारण आहारात असल्याचे दाखवून दिले. वजनाच्या धास्तीने रात्रीचे जेवण सोडून वाडगाभर लाह्यांवर निजणाऱ्यांना हे ठाऊक असावे. फुटाण्यांत प्रथिने पॉपकॉर्नच्या दीडपटीहून अधिक असतात. ज्वारीच्या लाह्या आकारमानाच्या लाभात पॉपकॉर्नच्या पंक्तीत बसतात. मूठभर फुटाणे लाह्यांत मिसळले तर भूक अधिक वेळ थोपते. आणि वाडगा भरून घेतल्यावर डबा पुन्हा कपाटात ठेवून, दूरचित्रवाणी बंद करून खावे.